परदेशात बोला, पुण्याच्या दरात

आमच्या मालकांनी मोबाईल घेतला तेव्हा आमच्या गावात रेंज नव्हती. हे मुद्दाम आधी सांगते, कारण हल्लीच्या पोरांना वाटतं फोन आला म्हणजे रेंज आलीच. तसं नसतं बाबांनो. कालवा खणला म्हणजे पाणी आलं, असं कधी झालंय का? आमचं गाव निरवांगीच्या अंगाला, कालव्याच्या अगदी टेलला, शेवटच्या टोकाला. वरनं पाणी सुटलं की आधी बारामतीवाले घेणार, मग लासुर्णं, मग अंथुर्णं, मधी जो तो कालव्यात पाईप टाकून ओढणार, आणि आमच्यापर्यंत यायचा तो ओला गाळ. त्यामुळं मोबाईलची रेंज बारामतीत आहे आणि आपल्याकडं नाही, हे कळलं तेव्हा गावात एकालाही नवल वाटलं नाही. सोसायटीच्या पायरीवर बसल्या जागी निकाल लागला, "वरच अडवली आसंल. टेलला काय पोचतीया!"

फोन होता वीतभर लांब, डोक्यावर एरियल. मालकांच्या सदऱ्याचा खिसा त्या वजनानं खाली ओढला जायचा, मी दोनदा टाके घातले. फोन करायचा तर जीप काढून बारामतीच्या रस्त्यावरच्या चढाला जायचं, तिथं उतरून बारामतीकडं तोंड करून उभं राहायचं. मग दोन काड्या दिसायच्या. अनेकदा असं व्हायचं की ज्याच्याशी बोलायला मालक चढावर गेलेत, तोच गडी इकडं मोटरसायकलवर घरी येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन, निरोप ठेवून गेलेला असायचा. पण चहाला ती ऐट नव्हती ना.

त्या सुमाराला मी सरपंच होते. होय, मी. आमच्या गावचं सरपंचपद बाईला राखीव झालं तेव्हा मालकांचं तोंड दोन दिवस उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्यांना सुचलं, "बाईच पायजे ना? घरात हाय की एक." मी चौथी पास. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्या सोडून त्या कागदांवर. सही मात्र मालकांनी घोटून घेतली माझ्याकडनं, आठ दिवस, पोरगी चूल शिकते तशी.

ग्रामपंचायतीत सरपंचाची खुर्ची एक. तिच्यात मालक बसायचे, मी शेजारच्या बाकावर. ग्रामसेवक वही माझ्यापुढं धरायचे आणि तोंड मालकांकडं करून विचारायचे, "सरपंचबाईंचं काय मत हाय?" मालक सांगायचे, "तिचं मत आसं हाय की..." माझं मत काय आहे ते मलाही तेव्हाच कळायचं. कधी कधी चांगलं असायचं, मी मान हलवायची.

तर मालक साखर कारखान्याचे संचालक. एका उन्हाळ्यात सगळ्या संचालकांचा अभ्यास दौरा ठरला, हॉलंड आणि जर्मनी. तिकडं म्हणे बिटापासून साखर करतात, ती बघायची. आमच्याकडं बीट म्हणजे कोशिंबिरीला, तेही पाहुणे आले तर. मी विचारलं, "आपण बीट लावणार हाय का आता?" मालक म्हणाले, "अभ्यास करायचा असतो." पुढं काय विचारणार! गावानं फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिले. परीक्षेला बसणाऱ्या माणसाला आमच्याकडं दही देतात. अभ्यासाला निघालेल्याला एवढी शाल मी पहिल्यांदाच पाहिली.

निघायच्या आदल्या दिवशी मालक पुण्याला जाऊन आले आणि ओट्यावर टेकता टेकता म्हणाले, "रोमिंग करून घेतलंय."

"रोमला जायचंय? तुमी तर हॉलंड म्हणत व्हता."

"आगं रोमिंग. म्हंजे हाच फोन, हाच नंबर, तिकडं जर्मनीतबी वाजणार. फक्त तिकडं असताना कुणाचा फोन आला, तरी पैसे आपल्याला, हितल्यापरास कितीतरी जास्त. मोजून मिनिटाला."

"फोन त्येनं करायचा आन् पैसे तुमी द्यायचे?"

"व्हय."

"म्हंजे बैरंग!"

मालकांना राग आला. पण मला सांगा, काय चुकलं? आमच्या लहानपणी कुणी तिकीट न लावता पत्र पाठवलं की पोस्टमन ज्याला पत्र आलं त्याच्याकडनं दुप्पट घ्यायचा. त्याला बैरंग पत्र म्हणत. ते आलं की घरातली म्हातारी माणसं आधी पाठवणाऱ्याला शिव्या द्यायची, मग पैसे द्यायची, मग पत्र वाचायची. आता तीच गोष्ट माणसानं पुण्याला जाऊन, अनामत भरून, हात जोडून मागून घेतली होती.

"ते काय आसंल ते आसू दे," मालक म्हणाले. "मला इचारल्याबिगर एकाबी कागदावर सही करायची न्हाय. मी हितंच हाय आसं समज. खिशात हाय."

कुणाच्या खिशात, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आता त्या कागदाचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावर. गावाला नळपाणी योजना मंजूर झाली होती. पाण्याची टाकी कुठं बांधायची एवढंच ठरायचं होतं. पाणीपुरवठ्याचा साहेब येऊन सांगून गेला होता की टाकी माळावर घ्या, उंचावर आहे, तिथनं वरच्या वस्तीलाही पाणी जाईल आणि खाली गावालाही आपसूक उतरेल. मालकांचं म्हणणं, टाकी आमच्या विहिरीपाशी व्हावी, खालच्या अंगाला. तिथनं वस्तीवर पाणी चढलं नसतं. पण आमच्या दारात टाकी, आमच्या दारात माणसं, आमच्या दारात पुढाऱ्यांच्या गाड्या, हे सगळं झालं असतं. त्यासाठी बारामतीहून कोनशिलासुद्धा कोरून आली होती, काळ्या दगडाची, पॉलिश केलेली. टाकी कुठं हे ठरायच्या आधी टाकी कुणाच्या शुभहस्ते हे दगडावर पक्कं झालं होतं. तो दगड आमच्या परसात होता. मालक विमानात बसले त्या दिवशी मी तो पालथा केला आणि त्याच्यावर धुणं धुवायला घेतलं. पाठीमागनं खरबरीत होता, कपडे फार छान निघायचे.

वरची वस्ती म्हणजे माळाच्या पलीकडं तीसेक घरं, बहुतेक बौद्ध, चार-दोन इतर. कुणी शेती करणारी, कुणी कारखान्यात नोकरीला, एकजण तालुक्याला वकिली करणारा. शिकलेली माणसं सगळी, पण पाण्याला खाली उतरायची. कालवा बंद झाला की वस्तीची विहीर खारी व्हायची, मग बाया तीन हंडे घेऊन आमच्या शिवेपर्यंत यायच्या. त्यांच्यातल्या बालवाडीच्या बाई ग्रामपंचायतीत सदस्य होत्या, माझ्याच वयाच्या, जिभेला धार. त्यांच्या घरी एकदा चहाला गेले, तर त्यांनी माझ्यादेखत कप विसळले, आणि विसळलेलं पाणी दारातल्या कुंडीतल्या मोगऱ्याला घातलं, मोगऱ्याच्या खाली ठेवलेल्या पाटीत जे गळलं ते कोंबड्यांना दिलं. मी म्हटलं, "बाई, कोंबड्यांनंतर कुणाचा नंबर?" म्हणाल्या, "नंतर आक्का, ग्रामपंचायतीला मोर्चा."

मालक गेल्यावर महिन्याची बैठक झाली. आम्ही नऊजण. चार म्हणाले माळावर, चार म्हणाले विहिरीपाशी. राहिले मी. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. खुर्चीत त्या दिवशी मी होते, पण खुर्ची मालकांच्या मापाची, पाय नीट टेकत नव्हते. मी म्हटलं, "मालकांना फोन करून सांगते."

ग्रामसेवक म्हणाले, "वहिनी, शुक्रवारी संध्याकाळपतुर ठराव इंदापूरला पंचायत समितीत पायजे. न्हाय गेला तर योजना दुसऱ्या गावाला देनारेत."

बाहेर पडताना बालवाडीच्या बाईंनी मला गाठलं. "एक इचारू का आक्का? गावाचा सरपंच कोण हाय? तुमी, का त्यो मोबाईल?"

उत्तर द्यायला मोबाईल परदेशात होता.

इकडं मोबाईलची निराळीच कथा सुरू झालेली. स्टँडवर एसटीडीचं बूथ होतं, काचेची खोली, आत लाल आकड्यांचं मीटर. बूथवाल्याच्या ध्यानात आलं की मालकांचा नंबर पुण्याकडचा, त्यामुळं फोन जर्मनीत वाजला तरी इथं मीटर पुण्याचंच पडतं. बाकीचं तिकडं मालकांच्या अंगावर. हा शोध लागल्याबरोबर त्यानं खडूनं पाटी लिहिली, "परदेशात बोला, पुण्याच्या दरात."

आणि आमच्या गावाची रीत तुम्हाला ठाऊक नाही. माणूस परगावी गेला की पोचला का, जेवला का, हवा मानवली का, हे विचारायला लागतंच. नाही विचारलं तर उद्या भावकीत बोल लागतो. ज्यांनी नारळ दिला होता त्या सगळ्यांना वाटलं आपण विचारलं पाहिजे. एकामागं एक रांग लागली. "संचालकसाहेब, सुखरूप पोचला का? ... पाऊस हाय का तिकडं? ... म्हशी कशा हायेत? ... न्हाय, तिकडच्या. आपल्या बऱ्या हायेत." एक तात्या तर अकरा मिनिटं बोलले, त्यातली चार खोकले.

मालक आधी गोडीनं बोलले. मग तुटक बोलले. मग चौथ्या दिवशी त्यांचा बूथवर माझ्यासाठी निरोप आला की आजपास्नं फोन बंद, रोज दुपारी चार ते साडेचार एवढाच चालू ठेवणार, आणि तेव्हा फक्त घरच्यांनी करायचा. गावात बातमी पसरली, "संचालकांनी फोनला पाळी लावली." पाळी म्हणजे कालव्याचं पाणी जसं वाराप्रमाणं, घटकेप्रमाणं सोडतात तशी. कुणाला वाईट वाटलं नाही. पाळी आम्हाला सवयीची. उलट एकजण म्हणाला, "आता बगा, पाळीतबी पोचायचं न्हाय."

त्याचं बोलणं गुरुवारी खरं झालं. चारला दहा कमी असताना मी, ग्रामसेवक आणि बालवाडीच्या बाई बूथमध्ये शिरलो. चाराचा ठोका पडल्यावर ग्रामसेवकांनी नंबर फिरवला, ताठ झाले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नमस्कार म्याडम. जरा साहेबांना द्या... म्याडम? आवो म्याडम, आमी इंदापूर तालुक्यातनं..." मग फोनवर हात धरून माझ्याकडं वळले. "वहिनी, कोन तरी बाई हाय. विंग्रजी बोलती."

बूथवाला म्हणाला, "भाऊसाहेब, ती टेप हाय. साहेबांच्या फोनला रेंज न्हाय म्हनून ती सांगती."

मी रिसीव्हर घेऊन ऐकलं. बाईचा आवाज फार गोड. एकच वाक्य म्हणायची, थांबायची, पुन्हा तेच म्हणायची. आमच्या बापजाद्यांनी न ऐकलेली भाषा, पण अर्थ कळला. मालक नाहीत, मी आहे, पण मला काही विचारू नका, जे माझ्यात भरलंय तेवढंच मी बोलणार. मी बराच वेळ ऐकत राहिले. बूथवाला म्हणाला, "काकी, ठिवा की, उत्तर न्हाय द्यायची ती." मी म्हटलं, "ठाऊक हाय मला. मी तिला वळखती."

बालवाडीच्या बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की त्यांना कळलं हे मला कळलं.

शुक्रवारी पुन्हा तिघं. साडेतीनलाच जाऊन बसलो. ग्रामसेवकांच्या मांडीवर ठरावाची वही, सगळं लिहून तयार, फक्त टाकीची जागा कोरी. सव्वाचारची एसटी इंदापूरला जाणारी. बाहेर दहा-पंधरा माणसं जमलेली, कुणाला काही काम नव्हतं, पण पाळीच्या वेळी माणूस कालव्याच्या चारीवर जाऊन उभा राहतोच.

चारला फोन लागला. खरखर, त्यात मालकांचा आवाज, "हॅलो! कोण? लवकर बोल, मीटर पडतंय!"

"मी हाय. सुखरूप हाय का?"

"ते इचारू नगं! काम सांग!"

मी सांगितलं. चार तिकडं, चार इकडं, आज शेवटचा दिवस.

मधी खरखर. बसमध्ये होते म्हणे, सरहद्द ओलांडत होते, एका देशाची रेंज संपून दुसऱ्याची लागत होती. मग आवाज आला, तुटत तुटत, "टाकी... हिरीपाशी... आपल्या... माळावर नको... आयकलं का? माळावर नको!"

मी ऐकलं. तुम्हाला कशाला खोटं सांगू, या वयात! अगदी नीट ऐकलं. शेजारच्या खोलीतनं बोलावं तसा 'नको' आला कानात. मीटरचे लाल आकडे टकटक पुढं चाललेले. पायाशी बालवाडीच्या बाईंचा रिकामा हंडा, त्या तशाच पाण्याच्या वाटेवरनं आल्या होत्या. आणि का कोण जाणे, मला कालची ती टेपवाली बाई आठवली.

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज येत न्हाय."

"आगं माळावर नको!"

"हॅलो? काय म्हनता? तुटतंय!"

मालक ओरडले, "न! को!"

ते एवढ्या जोरात ओरडले की रिसीव्हरच्या बाहेर आलं. जर्मन लोकांनीही ऐकलं असणार. बूथमधल्या सगळ्यांनी ऐकलं. काचेबाहेर उभ्या असलेल्या तात्यांनी ऐकलं, ज्यांना एरवी म्हैस हंबरलेली ऐकू येत नाही. मी रिसीव्हर कानाला धरून उभी. आता कुणीतरी म्हणणार, वहिनी, 'नको' म्हनले की साहेब. चौघं विहिरीपाशी म्हणणारे होते, त्यातला एक दारातच होता.

बूथवाला मीटरकडं बघत बोलला, "काकी, रेंज गेली वाटतं."

ग्रामसेवकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "व्हय. गेलीच. ऐनवेळी जाती."

आणि दारातनं तो विहिरीपाशीवाला सदस्य म्हणाला, "वरच अडवली आसंल. टेलला काय पोचतीया!" त्याच्या बायकोचं माहेर वस्तीच्या पलीकडचं, हे मला नंतर आठवलं. लग्नाआधी ती पण हंडा घेऊन तिथनंच आमच्या शिवेपर्यंत यायची.

मी फोन ठेवला. वही घेतली. कोऱ्या जागेत माझ्या अक्षरात लिहिलं, माळावर. 'ळ' जरा मोठा झाला. खाली सही केली, घोटलेली होतीच.

ग्रामसेवक एसटी गाठायला पळाले. बालवाडीच्या बाईंनी हंडा उचलला आणि जाता जाता म्हणाल्या, "सरपंचबाई, बोलण्याचे पैसे मी देती."

"कशाला?"

"पुण्याच्या दरात हाय की. परवडतंय."

पंधरा दिवसांनी मालक आले. चॉकलेटं आणली, फोटो आणले. अभ्यासाचं म्हणाल तर तिकडं बिटाचा हंगाम पावसाळ्यानंतर असतो. आमच्या संचालकांना सवड उन्हाळ्यात, कारण आपला गळीत हंगाम तेव्हा संपलेला. त्यामुळं फोटोत बोटभर उंचीची रोपं आणि बंद कारखान्याचं फाटक, त्याच्यापुढं बारा फेटे.

ठरावाचं त्यांना स्टँडवरच कळलं होतं. पण त्यांनी भांडण काढलं नाही, वाट बघत राहिले. महिन्यानं मोबाईलचं बिल आलं तेव्हा ओट्यावर बसून, चष्मा लावून वाचायला लागले. नावं नव्हती त्यात, नुसती तारीख, वेळ आणि मिनिटं. "ही अकरा मिनिटं म्हशींची... ही सात पावसाची..." असं करत करत शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला हाक मारली.

"हितं बघ. चार वाजून दोन मिनिटं. बोलणं पाच मिनिटं झालं म्हणून लिवलंय. पाचाचे पैसे लावल्यात मला. आन् तू म्हनतीस आवाज आला न्हाय?"

माझ्या हाताला कणीक होती. मी म्हटलं, "तुमचा तिकडनं सुटला आसंल पाच मिनिटं. पैसे सुटल्याचेच घेत्यात. पानीपट्टी न्हाय का आपण दरसाल भरत? आपल्या शेतात आलं का न्हाय, ते कोन बघतंय! मधीच कुनीतरी अडवला."

मालकांनी बिलावरचं बोट काढलं. हा माणूस तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या दारात हेच भांडत आला होता, की कागदावर सुटलेलं पाणी टेलला पोचत नाही. आता तो कुठल्या तोंडानं म्हणणार की सुटलं ते पोचतंच? त्यांनी बिलाची घडी केली, खिशात घातली. तो खिसा पुन्हा उसवला होता.

पुढच्या वर्षी टाकी उभी राहिली. वस्तीवर नळ आले, आणि उतार असल्यामुळं आमच्या घरात तर इतक्या जोरात पाणी यायला लागलं की घागरीतलं उडून तोंडावर यायचं. मालकांनी दोन महिने ते पाहिलं. मग उद्घाटन ठरलं तेव्हा एका सकाळी परसात आले, माझा धुण्याचा दगड सुलटा करून घेतला, धुवून पुसून माळावर पाठवला. नाव त्यांचंच होतं, जागेचं नाव त्याच्यावर कोरलेलंच नव्हतं. दगडाला चाललं. माझी मात्र धुण्याची पंचाईत झाली.

उद्घाटनाला मांडव होता, माईक होता. मला स्टेजवर बसवलं, या खेपेला खुर्चीत. मालक भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "मंडळी, मी परदेशात होतो. धावत्या बसमध्ये होतो. रेंज न्हवती. खर्चाची पर्वा केली न्हाय, मिनिटाला किती पडतं ते बघितलं न्हाय, मी तिकडनं ओरडून सांगितलं, टाकी माळावरच झाली पायजे!"

टाळ्या पडल्या. बूथवाल्यानं सगळ्यांत जोरात वाजवल्या. ग्रामसेवक चष्मा पुसायला लागले. माईक नवीन होता, माळावर वारा नव्हता, प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. बालवाडीच्या बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मूठ वळली, कानाला लावली, आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "हॅलो? हॅलो?"

मी पदर तोंडाशी धरला आणि टाळ्या वाजवायचं राहूनच गेलं.